गुंतवळ, चाई आणि गंगावन : स्त्रियांच्या केसगळतीचा इतिहास

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस वाढवणाऱ्या औषधीला उद्देशून दोन सूक्ते लागोपाठ येतात. पहिल्यात ‘नितत्नी’ नावाच्या वनस्पतीला विनवणी आहे : असलेले केस घट्ट कर, नसलेले उगव, उगवलेले लांब कर. दुसऱ्यात जमदग्नीने ही केशवर्धिनी आपल्या मुलीसाठी जमिनीतून खणून काढली, असे सांगितले आहे. केसांच्या औषधाविषयीच्या आपल्याकडच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक अशी मुलीच्या केसांची आहे आणि औषध शोधायला निघालेला तिचा बाप आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्येही तेती राजाची आई शेश हिच्यासाठी तयार केलेले केसवाढीचे औषध दिले आहे. कुत्र्याचा पंजा, खजुराच्या बिया आणि गाढवाचे खूर तेलात शिजवून ते डोक्याला चोळायचे असे.

इतक्या जुन्या काळी स्त्रीच्या केसांची काळजी नोंदली गेली, तरी पुढच्या शास्त्रीय वैद्यकाने मात्र तिच्या केसगळतीला फारशी जागा दिली नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्त किंवा खालित्य येते. वातासह बिघडलेले पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते, मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो आणि नवे केस उगवत नाहीत, अशी तिथली उपपत्ती आहे. वाग्भटाने यात एक महत्त्वाचा भेद केला : इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खालित्यात हळूहळू. मराठीत ज्याला चाई पडणे म्हणतात ती आणि विरळ होत जाणारे टक्कल यांतला फरक त्याने बरोबर ओळखला होता. चरकाने तर अति मीठ खाण्याची सवय असलेल्यांना खालित्य आणि अकाली पिकलेले केस येतात असे सांगून आहाराकडे बोट दाखवले. पण सुश्रुताच्या टीकाकारांनी विदेह नावाच्या आचार्याचे एक मत उद्धृत केले आहे. स्त्रियांचे शरीर सुकुमार असते, त्यांना व्यायाम नसतो आणि दर महिन्याला दूषित रज बाहेर पडते, म्हणून त्यांना टक्कल पडत नाही, असे ते मत. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलही याच निष्कर्षाला आला होता. स्त्रीची प्रकृती मुलांसारखी, म्हणून ती टकली होत नाही, असे त्याचे म्हणणे. दोन दूरच्या परंपरा एकाच चुकीवर येऊन थांबल्या आणि ती चूक फार काळ टिकली.

या समजुतीला निरीक्षणाचा थोडा आधार होता. पुरुषाचे केस कपाळाच्या कडेने मागे सरकतात आणि माथा उघडा पडतो. ते कोणालाही दिसते. स्त्रीची कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते. भांग रुंदावतो, माथ्यावरचे केस बारीक होतात, वेणीचे टोक उंदराच्या शेपटीसारखे निमुळते होते. लांब केसांखाली आणि डोक्यावरच्या पदराखाली हे सगळे झाकले जाते. वैद्याला जे दिसत नव्हते ते विंचरणारीला रोज दिसत होते.

फणीत अडकून निघणाऱ्या केसांच्या गुंत्याला मराठीत गुंतवळ म्हणतात. गुंतवळ किती निघते हेच घरातले मोजमाप होते. ती इकडेतिकडे टाकू नये, असा दंडक घरोघरी पाळला जाई. अन्नात केस जाऊ नये ही त्यामागची स्वच्छतेची काळजी आणि केसांवरून करणी होते ही भीती, दोन्ही त्यात मिसळलेले होते. पुढे गुंतवळीला बाजारभाव आला. खेडोपाडी फिरणारे फेरीवाले केसांच्या बदल्यात भांडी, पिना, फुगे देऊ लागले आणि साठवलेली गुंतवळ सोडवून, लांबीप्रमाणे जुळवून परदेशी जाऊ लागली. कर्नाटकातील कोप्पळजवळच्या भाग्यनगरात हा गुंता सोडवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तिथे गुंता सोडवणारे हात मुख्यतः बायकांचेच आहेत.

केसांची घरगुती निगा महाराष्ट्रात न्हाण्याभोवती गुंफलेली होती. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, डोक्यावरून न्हायचे. आदल्या रात्री किंवा सकाळी तेल चोळायचे. कुटलेली शिकेकाई उकळून तिच्या पाण्याने केस धुवायचे. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात शिकेकाईच्या शेंगा मिळत. रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळलेली साल असे घटक प्रत्येक घराच्या प्रमाणाने त्यात पडत. शिकेकाई आणि रिठा या दोहोंत फेस करणारी सॅपोनिने असतात; मळ आणि तेल निघते. तेलात सर्वांत मान माक्याला. हा माका म्हणजे संस्कृत ग्रंथांतला भृंगराज. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर उगवणाऱ्या या पांढऱ्या बारीक फुलांच्या झुडपाचा रस तेलात आटवून माक्याचे तेल घरीच होई. जास्वंद, ब्राह्मी, वडाच्या पारंब्या हेही त्यात घालत.

या निगेचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे आता बऱ्यापैकी सांगता येते. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो. त्याला तेल ‘पोसत’ नाही, पण सांभाळते. मुंबईतील एका तेल-कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे दिसले. सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांना ते जमले नाही. त्यामुळे तेल लावलेले केस कमी तुटतात. मात्र तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. मुळाचे काम रक्तावर आणि संप्रेरकांवर चालते. तिथपर्यंत तेलाचा हात पोहोचत नाही. घरगुती परंपरेत याचीही जाण होती, पण ती न्हाणीघरात नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत दिसते. बाळंतिणीला आळिवाची खीर, आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरी, मेथी हे सारे सव्वा महिना आणि त्यानंतरही दिले जाई. आळिवात लोह भरपूर असते. बाळंतपणात गेलेले भरून काढले पाहिजे, हा विचार त्यामागे स्पष्ट आहे. ज्या घरांत दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, तिथे अर्थातच हे लाडू नव्हते.

केस गेले तर काय करायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा झाकणे हेच होते. वेणी बारीक झाली की तिच्यात गंगावन मिसळत. चवरीगाईच्या शेपटीच्या केसांचा हा झुबका काळा करून वेणीत गुंफला की शेपटा भरदार दिसे आणि अंबाडाही मोठा होई. पुढे माणसांच्या केसांची आणि नायलॉनची गंगावने आली, पण नाव तेच राहिले. फुलांच्या वेण्या, अंबाड्यावरची सोन्याची फुले, डोक्यावरचा पदर यांनीही विरळ भाग आपोआप झाकला जाई.

या झाकण्यामागे केवळ नटण्याची हौस नव्हती. उच्चवर्णीय समाजात केस नसलेली स्त्री म्हणजे विधवा, ही खूण शेकडो वर्षे रूढ होती. नवरा मेला की न्हाव्याकडून डोके भादरून घ्यायचे आणि आयुष्यभर आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, नेसून राहायचे. केशवपन झालेल्या बाईचे दर्शन शुभकार्यात अपशकुन मानले जाई. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या वाट्याला आलेले केशवपन वाचून त्या काळचा वाचक हादरला होता. मुंबईत १८९० साली सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. सत्यशोधक चळवळीतील ही कृती फार मोठी होती, कारण रूढी ज्यांच्या हातून चालत होती त्यांनीच हात आखडता घेतला. केस गमावण्याला असा अर्थ चिकटलेला असताना सवाष्ण बाई चाईचा चट्टा कुणाला दाखवील? आजाराची नोंद न होण्याचे हे एक मोठे कारण आहे. वैद्यांची समजूत चुकीची होती, पण ती खोडून काढायला त्यांच्यापुढे रुग्णही येत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औषध बाटलीत आले. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर कारखाना सुरू झाला आणि शास्त्रोक्त औषधे वैद्याच्या खलाबाहेर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. ‘भैषज्यरत्नावली’तले महाभृंगराज तेल हे या व्यवसायातले कायमचे नाव आहे. कोलकात्यात १८७८ मध्ये जबाकुसुम तेल निघाले. तिथल्याच हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या कुंतलीन तेलाच्या प्रसारासाठी कथास्पर्धा ठेवली आणि १८९६ चे पहिले बक्षीस जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला मिळाले. तीत केसांच्या तेलाच्या बाटलीने समुद्रातले वादळ शमते. अमेरिकेत सारा ब्रीडलव्ह या गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या मुलीचे स्वतःचेच केस गळाले. तिने मादाम सी. जे. वॉकर या नावाने गंधकयुक्त मलम विकून मोठा व्यवसाय उभारला आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यात काम दिले. बाटलीच्या व्यापाराने एक चांगली गोष्ट केली : स्त्रीचे केस गळतात हे जाहीरपणे छापले. पण कारण काहीही असो, औषध एकच, असा समजही त्याच जाहिरातींनी पक्का केला. तो अजून गेलेला नाही.

कारणांचा शोध विसाव्या शतकात लागला. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग थांबतो, सुमारे तीन महिने विश्रांतीत राहतो आणि नव्या केसाला जागा देऊन गळून पडतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. १९६१ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी दाखवले की तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार अशा धक्क्याने वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. या प्रकाराला त्यांनी टेलोजन एफ्लुव्हियम हे नाव दिले. बाळंतिणीचे केस बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की ओंजळीने का जातात, मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाचे केस तो हिंडू-फिरू लागल्यावर का गळतात, याचा उलगडा यातून झाला. पूर्वी अशा वेळी केस काढूनच टाकत. नंतर दाट केस आले की ते वस्तऱ्याचे श्रेय मानले जाई. वस्तुतः धक्का सरला की केस सहा ते बारा महिन्यांत आपोआप परततात. २०२० नंतर करोनातून बऱ्या झालेल्या असंख्य स्त्रियांनी हाच अनुभव घेतला.

धक्का एकदाच बसला तर असे होते. पण भारतातल्या स्त्रीच्या शरीराला रोजचाच एक धक्का आहे, तो रक्तक्षयाचा. १९६३ मध्ये स्वीडनमधून आलेल्या एका अभ्यासाने रक्तक्षय नसतानाही केवळ लोहाचा साठा घटल्याने स्त्रियांचे केस सरसकट विरळ होऊ शकतात, असे मांडले. हा संबंध किती थेट आहे यावर त्वचारोगतज्ज्ञांत आजही वाद आहे, पण लोहाचा साठा तपासणे ही रीत तेव्हापासून पडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळीतला अतिस्राव, लागोपाठची बाळंतपणे, सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले जेवण्याची रीत आणि उपासांची रेलचेल, हे सगळे या आकड्यात आहे. केसगळतीची तक्रार घेऊन आलेल्या अशा बाईला तेल सुचवणे म्हणजे तिच्या आजाराकडे पाठ फिरवणे होय. थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी केस कोरडे होऊन झडतात आणि तिथेही उपाय ग्रंथीवर करावा लागतो.

पुरुषांच्या टकलाचा पुरुषी संप्रेरकांशी असलेला संबंध जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवला आणि १९५१ मध्ये त्याच्या पायऱ्या ठरवल्या. स्त्रियांसाठी तसे काम व्हायला १९७७ उजाडले. त्या साली हॅम्बुर्गच्या एरिश लुडविग यांनी माथ्यावर विरळ होत जाणाऱ्या, पण कपाळाची कड राखणाऱ्या केसगळतीच्या तीन श्रेणी मांडल्या. मधली सव्वीस वर्षे पुरुषांच्या मापाने बायकांची डोकी तपासली जात होती. ही केसगळती बहुधा घराण्यातून येते आणि रजोनिवृत्तीनंतर वाढते. तरुण वयात तिच्यासोबत पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर बीजकोशांच्या विकाराची, म्हणजे पीसीओएसची शंका घ्यावी लागते; त्या विकाराचे वर्णन स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्येच केले होते.

माथ्यावर विरळ होत जाणाऱ्या या केसगळतीवरचे पहिले खरे औषध चुकूनच सापडले. मिनॉक्सिडिल ही उच्च रक्तदाबावरची गोळी १९७९ मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले. मग तिचे डोक्याला लावायचे द्रावण झाले. पुरुषांसाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली, स्त्रियांसाठी १९९१ मध्ये. सुरुवातीच्या काही आठवड्यांत याने केस जास्तच गळतात आणि घाबरून पुष्कळ जणी औषध सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवले की कमावलेले केस पुन्हा जातात. गरोदरपणात ते वापरत नाहीत. पुरुषांसाठी १९९७ मध्ये आलेले फिनास्टेराइड गर्भातल्या मुलग्याला अपाय करू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते धोक्याचे ठरते. स्त्रियांमध्ये पुरुषी संप्रेरकाला अडवण्यासाठी डॉक्टर बहुधा स्पायरोनोलॅक्टोन देतात, तेही गर्भधारणा टाळण्याची काळजी घेऊन.

केस बांधण्याच्या रीतीनेही केस जातात. ग्रीनलँडमधल्या बायकांच्या घट्ट ओढून बांधलेल्या केसांमुळे कपाळाच्या कडेचे केस गेल्याचे वर्णन १९०७ मध्ये झाले. आपल्याकडे शाळेच्या शिस्तीत रिबिनी लावून वर दुमडलेल्या दोन घट्ट वेण्या, नृत्यातला ताणून बांधलेला अंबाडा आणि अलीकडे केस सरळ करण्याची रसायने व उष्ण पट्ट्या तोच ताण देतात. सुरुवातीला बांधणी सैल केली की केस परततात. वर्षानुवर्षे ताण राहिला तर मुळे कायमची मरतात.

चाईचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. जुन्या वैद्यकात चट्ट्यावर फासण्या टाकून किंवा तो खरवडून त्यावर गुंजा, डोरली, बिब्बा यांचा लेप मधातून लावत. यांतले काही पदार्थ त्वचा भाजणारे आहेत. गुंजेतील ॲब्रिन तर जहाल विष आहे. हे उपाय घरी करू नयेत. मात्र त्यामागचे निरीक्षण पोकळ नव्हते. १९७० च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनी चट्ट्यावर मुद्दाम रासायनिक दाह निर्माण करून केस उगवण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजही वापरतात. चाई म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी केसांच्या मुळांवर केलेला हल्ला असतो. तो हल्ला आतून रोखणारे बॅरिसिटिनिब हे औषध जून २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्य झाले. लहान चट्ट्यांना स्टेरॉइडची इंजेक्शने पुरतात. पुष्कळदा चट्टा काही महिन्यांत स्वतःच भरतो.

या इतिहासातला अगदी ताजा प्रसंग विदर्भातला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत लोकांचे डोके खाजू लागले आणि दोन-तीन दिवसांत केस मुठीने हातात येऊ लागले. अठरा गावांत अडीचशेहून अधिक लोकांना याची झळ बसली. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर, मग खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर. ‘टक्कल व्हायरस’ हे नावही पडले. तपासणीत लोकांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. विंचूदंशावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार असल्याचे मांडले. चीनच्या हूबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलेनियममुळेच केस आणि नखे गळाली होती. बुलढाण्यातही काही महिन्यांनी नखे गळू लागली. बाधितांत तरुण मुली बऱ्याच होत्या. त्यांचे कॉलेज सुटले, ठरलेली लग्ने अडली. पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले, पण मोडलेली सोयरीक तशी परत येत नाही.

केस गळू लागलेल्या बाईला आज चांगला डॉक्टर आधी मागच्या चार महिन्यांचे विचारतो : ताप आला होता का, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली का, वजन एकदम उतरले का, नवी गोळी सुरू झाली का, पाळी कशी आहे, घरात आईचे-मावशीचे केस कसे होते. मग डोके पाहतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासतो. गरज वाटली तर संप्रेरके. डोक्यावर गुळगुळीत, चमकदार, छिद्रे नाहीशी झालेली जागा दिसली तर घाई करावी लागते, कारण तिथली मुळे जळत असतात. यातल्या बहुतेक तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात आणि त्यांचा खर्च केसवाढीच्या दोन-चार बाटल्यांहून अधिक नसतो. बाटली घेण्याआधी त्या करून घ्याव्यात.